मणक्यांचे अस्थिभंग : ओळख, प्रथमोपचार आणि उपचार

पाठीच्या कण्यातील हाड मोडले म्हणजे कायमचे अपंगत्व आले, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. तिच्या अगदी उलट अशी दुसरी समजूतही तितकीच प्रचलित आहे. जखमी माणूस हातपाय हलवीत असेल, उठून चार पावले चालत असेल, तर त्याच्या मणक्याला काही झालेले नाही, असे गृहीत धरले जाते. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्हींमुळे रुग्णाचे नुकसान होते. मणक्याच्या बहुसंख्य अस्थिभंगांत मज्जारज्जूला इजा झालेली नसते आणि असे रुग्ण योग्य उपचारांनंतर पुन्हा कामाला लागतात. उलटपक्षी, मणका मोडलेला असूनही जखमी व्यक्ती काही काळ चालू-बोलू शकते. अशा वेळी तिला चुकीच्या पद्धतीने उचलल्यास, जी इजा अपघाताने झाली नव्हती ती मदतीच्या धडपडीत होण्याची भीती असते.

मोडलेले हाड जुळून येते; तुटलेला मज्जारज्जू मात्र आजच्या वैद्यकशास्त्राला जोडता येत नाही. मणक्यांच्या अस्थिभंगावरील उपचारांची सारी मांडणी या एका वस्तुस्थितीवर आधारलेली आहे.

कण्याची रचना

मानवी कण्यात साधारणतः ३३ मणके असतात. मानेत ७, छातीच्या मागे १२ आणि कमरेत ५ असे वरचे २४ मणके एकमेकांवर हलू शकतात. त्याखालील त्रिकास्थीचे ५ आणि माकडहाडाचे बहुधा ४ मणके एकमेकांना सांधलेले असतात. प्रत्येक मणक्याचा पुढील भाग जाड व दंडगोलाकार असून तो शरीराचा भार पेलतो. मागील भाग कमानीसारखा असतो. या दोहोंमधील पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. दोन मणक्यांच्या मध्ये लवचिक चकती असते आणि सर्व मणके चिवट अस्थिबंधांनी परस्परांशी बांधलेले असतात.

प्रौढ व्यक्तीत मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली केवळ मज्जातंतूंचा जुडगा असतो. घोड्याच्या शेपटासारखा दिसत असल्यामुळे त्यास अश्वपुच्छ असे म्हणतात. इजा कोणत्या पातळीवर झाली यावर तिचे परिणाम ठरतात. मानेच्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झाल्यास दोन्ही हात व दोन्ही पाय दुर्बल होऊ शकतात. श्वासपटलाला चालना देणारे तंतू मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघतात. त्यामुळे त्या भागातील गंभीर इजेत श्वसनही संकटात येते. छातीच्या पातळीवरील इजेत पायांतील शक्ती जाते. अश्वपुच्छावर दाब आल्यास पायांबरोबरच मलमूत्रविसर्जनावरील नियंत्रण बिघडते.

छातीचे मणके फासळ्यांच्या पिंजऱ्यामुळे ताठर असतात, तर कमरेचे मणके लवचिक असतात. जेथे ताठर भाग संपून लवचिक भाग सुरू होतो, त्या सांध्यावर आघाताचा सर्वाधिक ताण येतो. म्हणूनच पाठीच्या अकराव्या मणक्यापासून कमरेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंतच्या टापूत अस्थिभंगाचे प्रमाण अधिक आढळते.

कारणे

तरुण व मध्यमवयीन व्यक्तींत उंचावरून पडणे आणि रस्त्यावरील अपघात ही दोन प्रमुख कारणे होत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला आणि ४,४३,३६६ जण जखमी झाले. उंचावरून पडण्याच्या घटना मात्र अशा ठळक आकड्यांत दिसत नाहीत. नारळाच्या किंवा ताडाच्या झाडावरून पडणारा माणूस, परांचीवरून घसरणारा बांधकाम मजूर, कौले शाकारताना छपरावरून कोसळणारा गृहस्थ, कठडा नसलेल्या गच्चीवरून पडणारे मूल, हे आपल्या ग्रामीण व निमशहरी भागांतील नेहमीचे रुग्ण आहेत.

काही कारणे क्षुल्लक वाटतात. पण ती तशी नसतात. उथळ पाण्यात किंवा तळाचा अंदाज नसलेल्या विहिरीत डोके खाली करून सूर मारल्यास मानेचा मणका मोडू शकतो. गतिरोधकावरून बस वेगाने गेल्यावर मागच्या आसनावरील प्रवासी उसळून परत आदळतो, तेव्हाही कमरेच्या वरच्या भागातील मणका दबल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत.

उतारवयात हाडे विरळ झाल्यामुळे अत्यल्प आघातानेही मणका दबतो. याखेरीज क्षयरोग, कर्करोगाचा हाडांत झालेला प्रसार आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे यांमुळेही मणके कमकुवत होतात. कण्याच्या क्षयरोगाने पाठीला येणारे कुबड व पायांतील शक्तिपात यांचे वर्णन इंग्रज शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये केले. भारतात आजही पाठदुखीबरोबर ताप, वजनात घट व रात्रीचा घाम अशी लक्षणे असल्यास डॉक्टरांना प्रथम या रोगाचा विचार करावा लागतो.

अस्थिभंगाचे प्रकार

हाड कसे मोडले यावर पुढील उपचार अवलंबून असतात. मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

दबलेला मणका : पुढील भाग दबून मणक्याला पाचरीसारखा आकार येतो. मागची भिंत शाबूत राहत असल्याने मज्जारज्जूला सहसा धोका नसतो.

फुटलेला मणका : उंचावरून पायांवर किंवा बैठकीवर आदळल्याने मणका चहूबाजूंनी फुटतो. हाडाचे तुकडे मागे सरकून मज्जारज्जूवर दाब आणू शकतात.

आडवा चिरलेला मणका : मोटारीचा पट्टा केवळ कमरेवर असताना शरीर झटक्याने पुढे झुकल्यास मणका आडवा फाटतो. ब्रिटिश क्ष-किरणतज्ज्ञ चान्स यांनी १९४८ मध्ये या प्रकाराचे वर्णन केले व त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्यामुळे हा धोका पुष्कळ कमी झाला आहे. असा अस्थिभंग आढळल्यास पोटातील इंद्रियांचीही तपासणी करावी लागते.

निखळलेला मणका : हाड मोडते, अस्थिबंध तुटतात आणि एक मणका दुसऱ्यावरून सरकतो. मज्जारज्जूला इजा होण्याचा सर्वांत मोठा धोका या प्रकारात असतो.

डॉक्टरांपुढील पहिला प्रश्न अस्थिभंग स्थिर आहे की अस्थिर, हा असतो. फ्रान्सिस डेनिस यांनी १९८३ मध्ये कण्याचे पुढचा, मधला व मागचा असे तीन स्तंभ कल्पून या प्रश्नाला सोपे रूप दिले. मधला स्तंभ शाबूत आहे की नाही, याला त्या मांडणीत विशेष महत्त्व होते. २००५ मध्ये पुढे आलेल्या गुणांकन पद्धतीत हाडाचा आकार, मागील अस्थिबंधांची स्थिती आणि मज्जासंस्थेची स्थिती या तीन बाबी एकत्रितपणे विचारात घेण्यात आल्या. शस्त्रक्रिया करावी की नाही, याचा निर्णय आज साधारणतः याच तीन बाबींवर घेतला जातो.

अपघातस्थळी काय करावे

पडलेल्या माणसाला बखोटीला व पायाला धरून उचलायचे, रिक्षात दुमडून बसवायचे आणि रुग्णालय गाठायचे, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. त्यामागील हेतू चांगला असला तरी अस्थिर मणक्याच्या बाबतीत ही घाई घातक ठरते. अपघातानंतर मान किंवा पाठ दुखणे, हातापायांत मुंग्या येणे, बधिरता किंवा दुर्बलता जाणवणे, लघवीवरील ताबा जाणे, अथवा जखमी व्यक्ती बेशुद्ध असणे, यांपैकी काहीही आढळल्यास मणका मोडला आहे असे समजूनच वागावे.

आग, पाणी किंवा वाहनांची ये-जा असा तत्काळ धोका नसेल, तर जखमीला जागेवरून हलवू नये. त्याला न हलण्यास सांगावे व धीर द्यावा. ११२ या क्रमांकावर, अथवा ज्या राज्यांत ती सेवा आहे तेथे १०८ वर, रुग्णवाहिकेसाठी दूरध्वनी करावा. एका व्यक्तीने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोके व मान आहे त्या स्थितीत स्थिर धरावी. मान सरळ करण्यासाठी ओढू नये. श्वास अडलेला नसेल तर शिरस्त्राण काढू नये. पुढे शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता असल्याने पाणी किंवा अन्न देऊ नये.

जखमीला हलविणे अपरिहार्य असेल, तर डोके, खांदे, कंबर व पाय एकाच रेषेत ठेवून, लाकडाचा ओंडका वळवावा तसे संपूर्ण शरीर एकदम वळवावे. यासाठी चार जण असल्यास उत्तम. डोके धरणाऱ्याने इशारा द्यावा आणि इतरांनी त्यानुसार एकाच वेळी हालचाल करावी. उलटी होत असल्यास गुदमरणे टाळण्यासाठी याच पद्धतीने कुशीवर वळवावे. वाहून नेण्यासाठी चादर किंवा झोळीऐवजी दार, फळी अशा कठीण सपाट पृष्ठभागाचा उपयोग करावा व डोक्याच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या ठेवाव्यात. श्वास थांबला असेल किंवा मोठा रक्तस्राव होत असेल, तर त्यावरील उपाय मात्र सर्वांत आधी करावा. मणक्याच्या काळजीपोटी प्राण गमावणे योग्य नव्हे.

पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने अनेक जण मदतीस कचरतात. २०१९ मध्ये सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यातील कलम १३४ अ अन्वये, सद्‌भावनेने मदत करणाऱ्या व्यक्तीस दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण देण्यात आले आहे. रस्ता अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या रोखरहित उपचार योजनेत, नियुक्त रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचारांची तरतूद आहे.

रुग्णालयातील तपासणी

रुग्णालयात प्रथम श्वसन व रक्ताभिसरण सुस्थिर केले जाते. त्यानंतर हातापायांतील शक्ती, स्पर्शज्ञान आणि गुदद्वाराचे आकुंचन तपासून मज्जासंस्थेच्या स्थितीची ‘ए’ ते ‘ई’ अशा पाच श्रेणींत नोंद केली जाते. ‘ए’ म्हणजे इजेच्या खाली संवेदना व हालचाल यांपैकी काहीही शिल्लक नसणे आणि ‘ई’ म्हणजे सर्व काही पूर्ववत असणे. ही तपासणी वारंवार करण्यात येते, कारण बिघडत जाणारी श्रेणी ही तातडीच्या शस्त्रक्रियेची सूचना असते.

साध्या क्ष-किरण चित्रात काही अस्थिभंग, विशेषतः मानेचे, निसटू शकतात. त्यामुळे गंभीर अपघातात सीटी स्कॅनला प्राधान्य दिले जाते. मज्जारज्जू, चकत्या व अस्थिबंध यांची स्थिती एमआरआय तपासणीने कळते. एका जागी अस्थिभंग आढळल्यास संपूर्ण कण्याची तपासणी करणे आवश्यक ठरते, कारण दुसऱ्या पातळीवरही मणका मोडलेला असू शकतो.

उपचार

स्थिर अस्थिभंगात आणि मज्जासंस्था शाबूत असताना बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागत नाही. वेदनाशामक औषधे, थोड्या दिवसांची विश्रांती, लवकर उठून चालणे आणि भौतिकोपचार हा उपचारांचा गाभा होय. पूर्वी महिनोन्महिने अंथरुणावर झोपवून ठेवीत. त्यामुळे स्नायू क्षीण होतात, हाडे आणखी विरळ होतात आणि पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, हे लक्षात आल्यावर ती पद्धत मागे पडली. पाठीला आधार देणारा पट्टा साधारणतः आठ ते बारा आठवडे वापरण्यास सांगितले जाते. मात्र, फुटलेल्या पण स्थिर मणक्यांसंबंधी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात पट्टा बांधलेले व न बांधलेले रुग्ण यांच्या प्रगतीत लक्षणीय फरक आढळला नाही. पट्टा हा सोयीचा आधार आहे; हाड जुळविणारे साधन नव्हे.

अस्थिर अस्थिभंग, मज्जारज्जूवरील दाब किंवा वाढती दुर्बलता असल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. तिचे उद्देश दोन असतात : मज्जारज्जूवरील दाब दूर करणे आणि कण्याला स्थैर्य देणे. मोडलेल्या मणक्याच्या वरच्या व खालच्या मणक्यांत स्क्रू बसवून ते धातूच्या सळ्यांनी जोडले जातात. मानेच्या मज्जारज्जूच्या इजेसंबंधी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्रीय अभ्यासात, २४ तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १९.८ टक्के रुग्णांत सहा महिन्यांनी किमान दोन श्रेणींची सुधारणा आढळली. उशिरा शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ८.८ टक्के होते. या फरकावरून वेळेचे महत्त्व लक्षात येते. त्याचबरोबर, तत्पर शस्त्रक्रियेनंतरही अनेकांमध्ये इतकी सुधारणा होत नाही, ही कटू बाजूही त्यातून दिसते. शस्त्रक्रियेने कण्याला आधार मिळतो. मृत झालेले मज्जातंतू परत येत नाहीत. नातेवाइकांना ही गोष्ट आरंभीच समजावून सांगणे हिताचे असते.

१९९० च्या दशकात अशा रुग्णांना मोठ्या मात्रेत स्टेरॉइड देण्याचा प्रघात होता. लाभ अनिश्चित आणि दुष्परिणाम मात्र स्पष्ट, असे आढळल्याने तो आता नियमित उपचार राहिलेला नाही.

वृद्धांतील न ओळखलेले अस्थिभंग

आजीने पाण्याची कळशी उचलली, पाठीत चमक भरली आणि चार दिवस तेल चोळून ती पुन्हा कामाला लागली. अशा प्रसंगी घरात कोणालाही अस्थिभंगाची शंका येत नाही. हाडांच्या विरळतेमुळे होणाऱ्या मणक्याच्या अस्थिभंगांपैकी सुमारे एक-तृतीयांशच वैद्यकीय उपचारांपर्यंत पोहोचतात, असे मानले जाते. उरलेल्यांच्या पाठीला हळूहळू बाक येतो, उंची घटते आणि हे सर्व वयाच्या खात्यावर जमा केले जाते.

तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा अधिक घट होणे, उभे राहिल्यावर वाढणारी व आडवे झाल्यावर कमी होणारी पाठदुखी आणि पाठीला आलेला नवा बाक ही लक्षणे दिसल्यास क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा चाचणीत टी-गुणांक उणे २.५ किंवा त्याहून कमी असल्यास, जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरविलेल्या निकषानुसार, अस्थिविरलता आहे असे निदान केले जाते.

असा अस्थिभंग ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण एकामागून दुसरा येण्याचा धोका मोठा असतो. अस्थिविरलता असलेल्या स्त्रियांसंबंधीच्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मणक्याचा नवा अस्थिभंग झालेल्या सुमारे पाचांपैकी एकीला वर्षभरात पुन्हा मणक्याचा अस्थिभंग झाल्याचे आढळले. म्हणून वेदना थांबल्यावर उपचार संपत नाहीत. कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाबरोबरच बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे, तसेच गरजेनुसार टेरिपॅराटाइड किंवा डेनोसुमॅब ही इंजेक्शने दिली जातात. डेनोसुमॅब वैद्यकीय सल्ल्यावाचून मध्येच बंद केल्यास एकाच वेळी अनेक मणके दबण्याचा धोका असतो, हे रुग्णांनी विसरू नये.

दबलेल्या मणक्यात वैद्यकीय सिमेंट भरण्याची पद्धत १९८४ मध्ये फ्रान्समध्ये प्रथम वापरण्यात आली. पुढे तिचा प्रसार झपाट्याने झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत मात्र ही प्रक्रिया व तिची केवळ बतावणी यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्यानंतरच्या अभ्यासांचे निष्कर्षही एकमुखी नाहीत. बहुतेकांच्या वेदना सहा ते बारा आठवड्यांत ओसरतात. त्यामुळे इतर उपायांनी न शमणाऱ्या तीव्र वेदना असलेल्या निवडक रुग्णांपुरताच या पद्धतीचा विचार करणे योग्य ठरते.

पुनर्वसन

इजिप्तमधील, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका वैद्यकीय लेखपटात, मान मोडून हातपाय लुळे पडलेला रुग्ण हा उपचारापलीकडचा असल्याचे नमूद आहे. ही स्थिती विसाव्या शतकापर्यंत फारशी पालटली नव्हती. मज्जारज्जूला इजा झालेले रुग्ण प्रामुख्याने शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांनी दगावत. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी रुग्णांना ठरावीक वेळाने कुशीवर वळविणे, मूत्राशयाची निगा, व्यायाम आणि खेळ यांवर भर दिला. तेथे १९४८ मध्ये सुरू झालेल्या क्रीडास्पर्धांतूनच पुढे पॅरालिम्पिक चळवळ उभी राहिली.

भारतात या कार्याचा पाया घालणाऱ्यांत स्वतः ही इजा सोसलेल्या व्यक्ती होत्या. १९५४ मधील मोटार अपघातात पाय लुळे पडलेल्या डॉ. मेरी व्हर्गीस यांनी चाकांच्या खुर्चीवरून शस्त्रक्रिया केल्या आणि वेल्लोर येथे पुनर्वसन विभाग उभारला. १९६५ मध्ये एव्हरेस्ट सर करणारे मेजर एच. पी. एस. अहलुवालिया यांच्या कण्याला त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागली. पुढे त्यांनी नवी दिल्लीत इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर ही संस्था स्थापन केली. त्याच युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये जलतरणात सुवर्णपदक पटकावले. जायबंदी सैनिकांसाठी पुण्याजवळील खडकी येथे स्वतंत्र पुनर्वसन केंद्र कार्यरत आहे.

घरी परतलेल्या रुग्णाच्या बाबतीत कुटुंबीयांची जबाबदारी मोठी असते. अंथरुणावरील रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, त्वचेवर लाल डाग पडला आहे का हे दररोज पाहावे, मूत्राशय स्वच्छ नळीने ठरावीक वेळी रिकामे करण्याची पद्धत परिचारिकेकडून शिकून घ्यावी आणि सांधे आखडू नयेत म्हणून हातापायांचे व्यायाम करून घ्यावेत. बधिर भागाला गरम पाण्याची पिशवी लावू नये; भाजल्याचे रुग्णाला कळत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये मिळणाऱ्या सवलतींसाठी दिव्यांगत्व प्रमाणपत्र वेळीच काढून घ्यावे.

प्रतिबंध

यांतील बरेच अस्थिभंग टाळता येण्याजोगे आहेत. वाहनातील पुढच्या व मागच्या सर्वांनी पट्टा बांधावा. झाडावर किंवा परांचीवर चढताना सुरक्षा दोर वापरावा. गच्चीला कठडा असावा. अनोळखी पाण्यात सूर मारू नये. वृद्धांच्या घरात न्हाणीघराची जमीन घसरडी नसावी, तेथे धरण्यासाठी दांडी असावी आणि रात्री उठताना पुरेसा उजेड असावा. दूध, दही, नाचणी, तीळ यांतून कॅल्शियम मिळते. नियमित चालणे आणि धूम्रपान वर्ज्य करणे हाडांना हितकारक असते.

पाठदुखीबरोबर लघवी अडणे, बैठकीचा भाग बधिर होणे किंवा पायांतील शक्ती कमी होणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास, दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. कण्यावर झटके देऊन ‘मणका बसवून’ घेण्याचा प्रयत्न अशा स्थितीत कदापि करू नये. प्रस्तुत माहिती सर्वसामान्य स्वरूपाची असून प्रत्यक्ष उपचारांचा निर्णय रुग्णाला तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावा.